भाऊंच्या टाकीची तीन भोकं

मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून मी गेले, तेव्हा ज्यांच्या घरात भाड्यानं राहिले त्या घरमालकांनी आयुष्यात एकही खराब वस्तू विकली नव्हती. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही पहिल्याच आठवड्यात. माझ्या मोरीतला नळ गळत होता, तो दाखवायला मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून नळाकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "नळ चोख हाय म्याडम. पानीच चोट्टं हाय." आणि ते जिना उतरून गेले. नळ पुढे मीच दुरुस्त करून घेतला.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. रस्त्याच्या बाजूला त्यांचं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. दुकानामागे गोदाम, गोदामाच्या वर त्यांची बैठक आणि जिन्यापलीकडे माझ्या दोन खोल्या. घरातली निम्मी चीजवस्तू कंपन्यांनी भेट दिलेली होती. भिंतीवरचं घड्याळ तणनाशकाचं, छत्र्या खताच्या, आणि वहिनींच्या पोळ्यांच्या डब्यावर बोंडअळीचं रंगीत चित्र, तिच्यावर आडवी लाल काट. त्या डब्यातली पोळी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा जरा जपूनच खाल्ली.

बोंडअळी लागत नाही असं सांगून आलेल्या बीटी कपाशीचे ते दिवस. एखादं वाण गाजलं की त्याच्या पाकिटांसाठी दुकानासमोर रांग लागायची आणि भाऊ रांगेकडे पाठ करून फोनवर बोलत बसायचे. बीटी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी लोकांना फवारणी विसरा म्हणून सांगितलं होतं. दोन-तीन हंगामांनी तेच त्याच लोकांना फवारणीचे पंप विकत होते, आणि खात्री दोन्ही वेळा तितकीच होती. कापूस पिकला की बियाण्याची करामत. नाही पिकला की जमीन, पाऊस, बैल, पेरणारा, पेरणाऱ्याचं नशीब, यांतलं जे समोर असेल ते. कारणांचा साठा त्यांच्याकडे बियाण्यापेक्षा मोठा होता आणि त्याची टंचाई कधी पडत नसे.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात शेतकऱ्यांच्या ज्या बातम्यांसाठी यायचं, त्यांच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नसे. भाऊ मात्र अशा प्रत्येक मयतीला जायचे. गर्दीच्या मागे उभे राहायचे, घरी येऊन अंघोळ करायचे आणि दुकान उघडायचे. त्या दिवशी ते फोन घेत नसत. याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि इतक्या कारणांच्या धन्याकडे हेच एक कसं नाही, असं मला वाटायचं.

आता टाकीचं सांगते.

बियाणं खूप विकलं म्हणून एका कंपनीनं भाऊंना इतर दुकानदारांबरोबर बँकॉकला नेऊन आणलं. तिथं त्यांनी काय काय पाहिलं ते वहिनींना कधी कळलं नाही. आम्हाला एवढंच कळलं, की हॉटेलात शिरल्याबरोबर भिंतीएवढी काचेची टाकी होती, तिच्यात मासे होते, आणि पाणी आत-बाहेर करणारी एकही नळी दिसत नव्हती. सगळ्या नळ्या बुडातल्या भोकांतून खाली गेलेल्या. भाऊंना ही गोष्ट फार आवडली. दोष दिसू द्यायचा नाही, हे त्यांच्या धंद्याशी जुळणारं होतं.

परत आल्यावर त्यांनी जळगावच्या एका टाकीवाल्याकडून चार फुटांची टाकी करून घेतली आणि बुडाच्या काचेला तीन भोकं पाडायला लावली. टाकीवाल्यानं विचारलं म्हणे, भोकांना पुढे काय जोडणार? भाऊंनी त्याला सांगितलं, तू भोकं पाड. टाकी बैठकीत येऊन बसली. मग भोकांच्या बरोबर खाली स्लॅबलाही तीन भोकं पाडून घेतली, म्हणजे पंप खाली गोदामात राहील आणि वर त्याचा आवाज येणार नाही. इतकं सगळं झाल्यावर ध्यानात आलं, की हा पंप दिवसभर चालावा लागतो आणि मोताळ्यात तेव्हा भारनियमनामुळे वीज पाहुणीसारखी यायची. वीज गेली की वरचं पाणी भोकांतून खाली जाणार. पंपाचा बेत गेला, भोकं राहिली.

एका संध्याकाळी भाऊ माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

"म्याडम, तुमी सायन्सच्या ना?"

मी हो म्हटलं. तिथून माझं नशीब त्या टाकीला बांधलं गेलं. प्रकाशसंश्लेषण शिकवणाऱ्या बाईला काचेचं भोक बुजवता येत नाही, हे त्यांना पटेना. सरकारनं मला पगार कशासाठी दिला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पहिल्यांदा त्यांनी नळवाल्याकडची मळून लावायची पुट्टी आणली आणि टाकीखाली उताणं झोपून भोकांना खालून थापली. पाण्याचं सगळं वजन खाली येतं, ते पुट्टीला ढकलून देणार, असं मी सांगितलं. भाऊ म्हणाले, पुट्टी चोख आहे. सकाळी पुट्टीच्या तीन चकत्या जमिनीवर पडलेल्या होत्या, अगदी चोख, कुठे तडासुद्धा नव्हता.

मग रबरी बुचं आली. ती आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली होती. भाऊ स्वातंत्र्यदिनाला मुलांना बक्षिसं देत असल्यामुळे मुख्याध्यापकांनी ती आपण होऊन काढून दिली, आणि त्या सत्रात माझा वायू तयार करण्याचा प्रयोग फळ्यावरच झाला. बुचं वरून ठोकून बसवताना एका भोकाच्या कडेचा टवका उडाला. पाणी थांबलं नाही, थेंबावर आलं. थेंब म्हणजे गळणं नव्हे, असं ठरवून भाऊंनी मासे आणले. दोन दिवसांनी थेंबाची धार झाली, तेव्हा मासे काढून माझ्या मोरीतल्या पिंपात सोडण्यात आले, कारण वहिनींनी स्वतःची मोरी द्यायला साफ नकार दिला होता. पुढे बरेच दिवस मी अंघोळीचं पाणी माशांना विचारून घेत होते.

तिसरा प्रयोग डांबराचा. त्यात दोन मासे मेले. भाऊंनी ते पिशवीत घालून बाहेर नेले आणि परत येऊन सांगितलं, मासे नाजूक जातीचे होते.

एव्हाना जून सरत आला होता आणि दुकानात दुसरीच गळती सुरू झाली होती. भाऊंना बँकॉकला नेणाऱ्या कंपनीच्या एका गाजलेल्या वाणाचं बियाणं बऱ्याच जणांच्या शेतात उगवलंच नाही. लोक उरलेली, फोडलेली पाकिटं घेऊन यायचे, भाऊ त्यांना एकेक कारण द्यायचे आणि पाकिटं गोदामातल्या एका खोक्यात टाकायचे. बहुतेकजण कारण घेऊन घरी जात. गोदाकाकू गेल्या नाहीत.

गोदाकाकू जवळच्याच खेड्यातल्या. नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, शेत त्या स्वतः करायच्या. दर बाजारच्या दिवशी येऊन दुकानाच्या पायरीवर बसायच्या. रडणं नाही, भांडण नाही. त्यांना फक्त दुसरं बियाणं हवं होतं, तेही दुबार पेरणीचे दिवस निघून जायच्या आत. एका बाजारी भाऊंनी त्यांना सांगितलं, काकू, तुम्ही खोल पेरलं. पुढच्या बाजारी सांगितलं, वरवर पेरलं, पाखरांनी खाल्लं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, मांगच्या बाजारी खोल व्हतं. आता वरतं हाय म्हंता," त्या म्हणाल्या. "येका आठवड्यात बी चालत वर आलं काय?"

दुकानात बसलेले हसले. भाऊ हसले नाहीत. फोन घेऊन मागे गेले. काकू वर वहिनींकडे पाणी प्यायला आल्या आणि बैठकीतली कोरडी टाकी पाहून थांबल्या. त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मासे ठेवायची टाकी, वहिनी म्हणाल्या. खायचे काय, काकूंनी विचारलं. नाही, पाहायचे. काकूंनी पेला पालथा घातला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पाहायला तरी काही उगवून राह्यलं तुमच्या घरी.

शेवटी भाऊंनी जळगावच्या टाकीवाल्याला फोन लावला. हा फोन पहिल्याच दिवशी करता आला असता, असं मी म्हटलं नाही. भाडेकरूला काही गोष्टी गिळाव्या लागतात. त्यानं सरळ सांगितलं: भोकापेक्षा चांगला मोठा काचेचा तुकडा घ्या, काच स्पिरिटनं पुसा, आधीची घाण कणभर ठेवू नका, टाकीसाठी मिळतो तोच सिलिकॉन घ्या, आणि तुकडा आतून चिकटवा. आतून लावला की पाणीच त्याला दाबून धरतं. मग तीन दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर नुसतं पाणी भरून बघायचं, आणि मासे सगळ्यात शेवटी.

भाऊंनी यातलं सगळं केलं, फक्त थांबायचं तेवढं सोडून. डांबर ब्लेडनं खरवडून काढलं, मलकापूरहून काचेचे तुकडे कापून आणले, सिलिकॉन इतकं सफाईनं लावलं की मला त्यांचं कौतुक वाटलं. शेतकऱ्यांना धीर धरा म्हणून रोज सांगणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाईप घेऊन टाकी भरायला बसला. कारण तिसऱ्या दिवशी बँकॉकवाल्या त्याच कंपनीचे साहेब येणार होते, पुढच्या परदेश दौऱ्याचं बोलायला. मी सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, सिलिकॉन चोख आहे. पिंपातले मासे टाकीत गेले, दिवा लागला, आणि खरं सांगते, टाकी सुंदर दिसली.

सकाळी वहिनींच्या हाकेनं मी धावले. टाकीत बोटभर पाणी होतं आणि त्यात मासे आडवे पडून तडफडत होते. वहिनींनी ते भज्यांच्या झाऱ्यानं उचलून माझ्या पिंपात पोचते केले. बाकी सगळं पाणी टाकीच्या भोकांतून स्लॅबच्या भोकांत आणि तिथून गोदामात गेलं होतं. स्लॅबची भोकं भाऊंनी बुजवली नव्हती, आणि आधीच्या प्रयोगांना खाली ठेवायचे ते टबही या वेळी सिलिकॉनच्या भरवशावर काढून घेतले होते. कधीतरी पंप येईल अशी त्यांना आशा होती.

नव्या मालाची खोकी भिजली, पण आतली पाकिटं सीलबंद होती. ती पुसून, पंख्याखाली वाळवून फळीवर लागली. कोपऱ्यातला तक्रारीच्या पाकिटांचा खोका आणि वहिनींच्या म्हशीसाठी आणलेलं सरकीचं पोतं तसंच राहिलं, कारण तेवढ्यात साहेब आले. साहेब रिकाम्या टाकीसमोर बसून पोहे खात होते आणि भाऊ त्यांना सांगत होते, आज सफाईचा दिवस आहे.

आठवडा उलटला. गोदामातून कुबट वास येऊ लागला म्हणून बाजारच्या दिवशी भाऊंनी ओला माल बाहेर काढायला घेतला. काकू पायरीवर होत्याच. त्याही हात लावायला आत आल्या. मी शाळेतून येत होते. मला गोदामाच्या दारात दोघं उभी दिसली.

सरकीच्या पोत्याला कोंब फुटले होते. विणीतून, शिवणीतून, तोंडातून पांढरे-पिवळे अंकुर बाहेर आले होते. कापसातली रुई काढल्यावर जिनिंगमधून निघालेलं म्हशीचं खाद्य, ज्याला कोणी बियाणं म्हणत नाही, ते अंधारात उगवून आलं होतं. शेजारच्या खोक्यात गाजलेल्या वाणाची, तक्रारीची पाकिटं होती. त्यांत काळपट चिखल झाला होता आणि वास तिथूनच येत होता.

भाऊंनी तोंड उघडलं. टाकीच्या पाण्यात माशांचं औषध होतं, असं ते म्हणायला लागले. पण पाणी दोन्हींवर एकच पडलं होतं, हे वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं असावं. काकूंनी एक कोंब खुडून तळहातावर घेतला.

"भाऊ, तुमची म्हैस भाग्याची," त्या म्हणाल्या. "तिले चोख माल भेटते."

त्या निघून गेल्या. भाऊ जिना चढून वर आले.

मग त्यांनी कंपनीच्या साहेबांना फोन केला. मी बैठकीत वहिनींबरोबर होते आणि फोनचा आवाज मोठा होता. साहेबांनी आधी सांगितलं की फोडलेल्या पाकिटातलं बी मरतंच. ते खरंही असू शकत होतं, भाऊंनी ते मान्यही केलं. पण त्याच लॉटची सीलबंद पाकिटं आपल्याकडे आहेत, ती फोडून पाहतो, असं ते म्हणाल्यावर साहेबांचा आवाज गोड झाला. कशाला पाहता भाऊ, बियाणं उत्तम आहे, तुमच्या भागातल्या पाण्यातच दोष आहे.

हे वाक्य भाऊ इतकी वर्षं लोकांना देत आले होते. त्यांना ते कोणी दिलं नव्हतं.

"साहेब, माह्या पान्याले काई बोलाचं नाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

यानंतर त्यांचा सदसद्विवेक जागा झाला वगैरे मी लिहिणार नाही. मला वाटतं, त्यांना पाण्याचा अपमान लागला. कारण काही असो, ते खाली गेले, सीलबंद पाकीट घेऊन आले आणि मला विचारलं, की बी उगवतं का हे तुमच्या पुस्तकात कसं पाहतात. ओल्या फडक्यात बांधून, मी म्हटलं. वहिनींनी मटकीला मोड आणायचं फडकं काढून दिलं. भाऊंनी एका पुरचुंडीत पाकिटातलं बी बांधलं, दुसरीत सरकी, आणि दोन्ही बैठकीत टाकीच्या कडेला टांगल्या. टाकीचा झालेला तो पहिला उपयोग.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. जाता-येता पुरचुंडीवर पाणी शिंपडायचे, उघडून बघायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, आता पाहा. भाऊ म्हणाले, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाला भीती वाटते आहे.

शेवटी वहिनींनीच फडकी सोडली. सरकी चांगली बोटाएवढी वाढली होती. पाकिटातल्या बियांपैकी दोन-तीन फुगून फुटल्यासारख्या दिसत होत्या, बाकी बोटानं दाबल्या तर पिचत होत्या. भाऊंनी एकेक बी दाबून पाहिली, सगळ्या. मग त्यांनी विचारलं, की त्या वर्षी ज्यांच्या मयतीला आपण गेलो त्यांतल्या कोणी हे वाण नेलं होतं का, वहिनींना काही आठवतं का. वहिनी म्हणाल्या, नाही आठवत. त्यांना आठवत होतं की नाही, ते मला कळलं नाही.

तक्रारींची चौकशी करायला कृषी खात्याचे लोक आले, तेव्हा दुकानासमोर बरीच गर्दी झाली. एका अधिकाऱ्यानं विक्रेत्याचं म्हणणं लिहून घ्यायला सुरुवात केली आणि सवयीनं कारणंही सुचवली: पाऊस कमी, खोल पेरणी, खारं पाणी. यांतलं काय लिहू, त्यानं विचारलं. ही सगळी कारणं भाऊंचीच होती, वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानातून गेलेली.

"कारन मले मालूम नाई," भाऊ म्हणाले. "माह्या घरचं फडकं, माह्या घरचं पानी, म्या माह्या हातानं बांधलं. नाई उगोलं. लिवा."

काकू पायरीवर होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी भाऊंनी एका पुढाऱ्यासाठी राखून ठेवलेली दुसऱ्या वाणाची पाकिटं काढली आणि काकूंसकट आठ-दहा जणांना बदली म्हणून दिली. देताना बजावलं, की हे बदली नाही, माझी मर्जी आहे. काकूंनी दुबार पेरणी साधली. पुढारी चिडले. कंपनीनं माल द्यायचं बंद केलं, तिचं पाहून आणखी एकीनं केलं, आणि परदेश दौऱ्याच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. तालुक्यातले इतर दुकानदार त्यांना समजवायला आले, की जबाबावरची सही दबावाखाली केली असं लिहून द्या. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि टाकीची भोकं दाखवली. तोवर ती बुजली होती. काही घाई नसल्यामुळे या वेळी सिलिकॉनला हवे तेवढे दिवस मिळाले होते, आणि माझ्या मोरीतलं पिंप मोकळं झालं होतं.

लोकांनी भाऊंना डोक्यावर घेतलं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दुकान चालवलेलं नाही. पुढच्या हंगामात जे नवं वाण गाजलं त्याची रांग समोरच्या दुकानात लागली, कारण माल तिथं होता. रांगेत गोदाकाकूही होत्या. पाकिटं घेऊन त्या सरळ रस्ता ओलांडून भाऊंच्या दुकानात आल्या आणि नेहमीसारख्या बसल्या. भाऊंनी पिशवीकडे पाहिलं.

"इकडून काऊन नाई नेलं?" त्यांनी विचारलं.

"मानूस म्हून तुमी चांगले हाय भाऊ," काकू म्हणाल्या. "पन बियानं त्याच्यापाशी हाय."

मला वाटलं आता काहीतरी होणार. भाऊंनी हात पुढे केला, पाकीट घेतलं, लॉटचा आकडा वाचला आणि म्हणाले, दहा बिया काढून ठेवून जा, उगवून पाहतो, तोवर पेरू नका. काकूंनी त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं आणि दहा बिया मोजून दिल्या.

चार-पाच दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा भाऊ गल्ल्यावर ओलं फडकं उघडून बसले होते. चेहरा असा उतरलेला, की मी घाबरत विचारलं, काय झालं.

"सगळ्याच्या सगळ्या उगोल्या," ते म्हणाले. "मेल्याचा माल चांगला निंघाला."

मी म्हटलं, मग काकूंना कळवायला हवं. भाऊ म्हणाले, मी कशाला कळवू, त्याच्या दुकानाची जाहिरात मी करू काय? आणि फडकं घडी करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

थोड्या वेळानं वहिनी, दुकानाची किल्ली भाऊ माझ्याकडे ठेवून गेले का, असं विचारत आल्या. मी विचारलं, भाऊ कुठे आहेत? वहिनी म्हणाल्या, मोटरसायकल काढून गेले काकूंच्या गावाले. आभाळ भरून आलं ना, म्हने आजच पेरा म्हनून सांगून येतो.